लाईटच्या झटक्यानंतर लिनक्स मशीन उठेना: एफएससीके चालवण्याआधी आणि चालवताना

काळा पडदा, वर ‘बिझीबॉक्स’, खाली कंसात ‘इनिट्रॅमएफएस’ आणि लुकलुकणारा कर्सर. मे-जूनमध्ये वळवाच्या आधी वारं सुटतं, लाईट पाच मिनिटांत चारदा जाते-येते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मोंढ्यातल्या आडत दुकानापासून शाळेच्या संगणक खोलीपर्यंत कुठं ना कुठं हा पडदा उभा असतो. नेटवर शोधलं की पहिलं उत्तर ठरलेलं: ‘एफएससीके -वाय चालवा’. एफएससीके ही फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर कुठली फाइल कुठं आहे याचा हिशेब, तपासून दुरुस्त करणारी कमांड; -वाय म्हणजे तिच्या सगळ्या प्रश्नांना ‘हो’. बरेचदा त्यानं मशीन सुरूही होतं. पण डिस्कच आजारी असेल तर हीच कमांड उरलासुरला डेटा मातीत घालते. म्हणून हात जरा आवरायचा आणि आधी तीन गोष्टी बघायच्या: हा बिघाड फाइल सिस्टिमचा आहे का, डिस्क धड आहे का, आणि डेटाची दुसरी प्रत आहे का.

या लेखात कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी लहान अक्षरांत टाकायच्या; मोठं अक्षर लागतं तिथं तसं सांगितलं आहे. एफएससीके म्हणजे एफ, एस, सी, के ही चार अक्षरं, सलग.

कीर्द आणि खतावणी

आडत दुकानात व्यवहार झाला की आधी रोजकीर्दीत नोंद होते, मग ती खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर जाते. खतावणी लिहिता लिहिता मुनीम उठून गेला तरी कीर्द शाबूत असेल तर हिशेब पुन्हा उभा करता येतो. एक्सटी४ ही लिनक्सची नेहमीची फाइल सिस्टिम नेमकं हेच करते. त्याचं ‘जर्नल’ म्हणजे कीर्द. अध्येमध्ये लाईट गेली तर पुढच्या वेळी सुरू होताना कर्नल (लिनक्सचा गाभा) कीर्द वाचतं, पुऱ्या नोंदी खतावणीत चढवतं आणि अर्धवट नोंदी सोडून देतं. पडद्यावर ‘रिकव्हरिंग जर्नल’ किंवा ‘क्लिअरिंग ऑर्फन्ड आयनोड’ (आयनोड म्हणजे एका फाइलचं खातं) दिसलं तर काळजीचं काही नाही. कीर्द आपलं काम करते आहे.

मात्र या कीर्दीत फक्त हिशेब असतो, माल नसतो. एक्सटी४ च्या नेहमीच्या ‘ऑर्डर्ड’ पद्धतीत फाइल कुठल्या ब्लॉकमध्ये (डिस्कवरच्या कप्प्यात) आहे, तिचं नाव काय, आकार किती एवढंच जर्नलमध्ये जातं. फाइलच्या आतला मजकूर जात नाही. जर्नल दर ५ सेकंदांनी पक्कं होतं, पण नव्यानं लिहिलेला मजकूर मेमरीत साधारण ३० सेकंद थांबू शकतो. त्यामुळे लाईट जाण्याच्या क्षणी सेव्ह केलेली फाइल जुन्या रूपात किंवा शून्य बाइटची निघू शकते. त्याला फाइल सिस्टिमचा बिघाड म्हणत नाहीत. एफएससीके तिथं ‘क्लीन’ म्हणेल आणि ती फाइल तरीही गेलेलीच असेल.

इथूनच एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो आणि तो सहसा कुणी काढत नाही. डिस्क सांगितलेल्या क्रमानं लिहीत असेल तर नुसती लाईट जाण्यानं एक्सटी४ चा हिशेब मोडायला नको. मोडलाच तर लाईटच्या जोडीला दुसरंही काही बिघडलेलं असतं: डिस्क ‘लिहिलं’ असं खोटं सांगून माल स्वतःच्या कॅशमध्येच ठेवते, किंवा सेक्टर खराब झालेत, किंवा रॅम एखादा बिट उलटा करते, किंवा साटा केबल (डिस्क बोर्डाला जोडणारी) नाहीतर एसएमपीएस (संगणकाचा वीजपुरवठा) ढिला आहे. लाईटवर खापर फोडून पुढं गेलं की तेच मशीन महिन्याभरात पुन्हा त्याच पडद्यावर येतं.

बिघाड फाइल सिस्टिमचाच आहे का

इनिट्रॅमएफएसच्या पडद्यावर ‘एक्झिट’ टाइप करून एंटर दाबा. थांबण्याचं कारण तो स्वतः सांगतो. ‘अनएक्स्पेक्टेड इन्कन्सिस्टन्सी, रन एफएससीके मॅन्युअली’ असं आलं आणि सोबत /डेव्ह/एसडीए२ सारखं पार्टिशनचं नाव दिसलं तर हिशेब मोडला आहे. ‘यूयूआयडी … डझ नॉट एक्झिस्ट’ आलं तर मशीनला डिस्कच दिसत नाही. तिथं एफएससीकेचा काही उपयोग नाही. मशीन बंद करा, साटाची डेटा केबल आणि पॉवर केबल दोन्ही बाजूंनी काढून घट्ट बसवा, आणि बायोसमध्ये डिस्कचं नाव येतं का ते बघा.

‘इमर्जन्सी मोड’चा पडदा वेगळा. मुख्य डिस्क बहुधा ठीक असते, पण एफस्टॅब फाइलमध्ये (सुरू होताना जोडायच्या डिस्कच्या यादीत) लिहिलेली एखादी जास्तीची डिस्क जागेवर नसते. बॅकअपची बाहेरची डिस्क कुणी काढून नेली की असं होतं. त्या ओळीत ‘नोफेल’ हा पर्याय घातला की पुढच्या वेळी मशीन अडून बसत नाही.

तिसरी परिस्थिती: मशीन चालू आहे, पण काहीच सेव्ह होत नाही, ‘रीड-ओन्ली फाइल सिस्टिम’ असा निरोप येतो. उबुंटूत मूळ पार्टिशनच्या ओळीत बहुधा ‘एरर्स=रीमाउंट-आरओ’ असतं; चूक सापडताच कर्नल लिहिणं थांबवतं. हा पर्याय तुमच्या डेटाच्या रक्षणासाठी आहे. अशा वेळी रीमाउंट करून जबरदस्तीनं लिहायला लावू नका. आधी यूएसबी लावून हव्या त्या फाइली काढून घ्या, मग

डीमेसेज -टी (मोठा टी)

चालवून शेवटच्या ओळी वाचा. ‘एक्सटी४-एफएस एरर’ एवढंच असेल तर हिशेबाची चूक. त्याच्या वर ‘आय/ओ एरर’ किंवा ‘एटीए’नं सुरू होणाऱ्या ओळी असतील तर रोगाचं मूळ डिस्कमध्ये किंवा केबलमध्ये आहे. त्यातही ‘यूएनसी’ म्हणजे सेक्टर वाचता आला नाही, आणि ‘आयसीआरसी’ म्हणजे डिस्क आणि बोर्डाच्या मधल्या वाटेत डेटा बिघडला, म्हणजे बहुधा केबल.

डिस्कची नाडी

लाइव्ह यूएसबीवरून (पेनड्राइव्हवरून चालणाऱ्या लिनक्सवरून) मशीन सुरू करा, ‘ट्राय’ निवडा, ‘इन्स्टॉल’ नको. आतल्या डिस्कच्या चिन्हावर क्लिक करू नका. क्लिक केलं की ती माउंट होते, म्हणजे वापरासाठी जोडली जाते. आधी यादी:

एलएसबीएलके -एफ

कुठल्या पार्टिशनवर कुठली फाइल सिस्टिम आहे ते इथं कळतं. मग स्मार्टमॉनटूल्स हे पॅकेज टाकून:

सुडो स्मार्टसीटीएल -ए /डेव्ह/एसडीए

भलामोठा तक्ता येतो. वर ‘पास्ड’ लिहिलंय म्हणून समाधान मानू नका. मरायला टेकलेल्या डिस्कही ‘पास्ड’ दाखवतात. चार ओळींचा शेवटचा आकडा बघायचा. क्रमांक ५, रिअलोकेटेड सेक्टर: खराब म्हणून बदललेले सेक्टर. क्रमांक १९७, करंट पेंडिंग: वाचता येईनात, पण अजून निकाल न लागलेले सेक्टर. क्रमांक १९८, ऑफलाइन अनकरेक्टेबल. आणि क्रमांक १९९, यूडीएमए सीआरसी एरर, म्हणजे केबलचा आकडा. पहिल्या तिन्हींत शून्य हवं. १९७ मध्ये शून्यापेक्षा जास्त काहीही असेल तर मी त्या डिस्कवर एफएससीके चालवू देणार नाही, आधी प्रत. १९९ चा आकडा कधी कमी होत नाही, त्यामुळे तो कागदावर लिहून ठेवा, केबल बदला, आठवड्यानं पुन्हा बघा. तिथंच थांबला असेल तर रोग केबलचा होता, आणि थोडक्या पैशांत काम झालं.

एनव्हीएमई एसएसडी असेल तर तक्ता वेगळा: ‘क्रिटिकल वॉर्निंग’ शून्य हवं, ‘मीडिया अँड डेटा इंटिग्रिटी एरर्स’ शून्य हवं, ‘पर्सेंटेज यूज्ड’ शंभराकडे किती सरकलंय ते बघा. ‘अनसेफ शटडाउन्स’ हा आकडा आपल्या भागात फार बोलका असतो. तुमच्या मशीनला किती वेळा न सांगता लाईट गेली त्याची ती पक्की नोंद आहे.

तक्ता स्वच्छ असला तरी शंका असेल तर -टी शॉर्ट ही चाचणी दोनेक मिनिटांत होते. -टी लाँग मोठ्या हार्डडिस्कला काही तास घेते, पण पूर्ण पृष्ठभाग वाचते.

डिस्कमधून टक-टक असा ठोका येत असेल तर यातलं काहीही करू नका. वीज काढा. फ्रीजमध्ये ठेवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका; थंड डिस्कवर आत दव धरतं. तो डेटा महत्त्वाचा असेल तर स्वच्छ खोली असलेल्या रिकव्हरीवाल्याकडेच न्यावा लागतो, आणि दर वेळी चालू करून बघण्यानं त्याचं काम अवघड होतं.

आधी प्रत

डिस्क आजारी निघाली, किंवा निरोगी असूनही तिच्यावर दुसरीकडे कुठंच नसलेला हिशेब असेल, तर डीडीरेस्क्यूनं पूर्ण प्रत काढा. उबुंटू-डेबियनमध्ये पॅकेजचं नाव ‘जीडीडीरेस्क्यू’, कमांड मात्र ‘डीडीरेस्क्यू’. प्रत ठेवायची डिस्क मूळ डिस्कपेक्षा मोठी हवी आणि तिच्यावर फॅट३२ नको, कारण फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. पहिली फेरी:

सुडो डीडीरेस्क्यू -डी -एन /डेव्ह/एसडीए डिस्क.आयएमजी डिस्क.मॅप

या फेरीत सहज वाचता येतं ते आधी उचललं जातं, अडणारे भाग मागं ठेवले जातात. दुसऱ्या फेरीत -एन काढून -आर३ घाला. तो अडलेल्या जागी तीनदा प्रयत्न करतो. शेवटची डिस्क.मॅप ही फाइल विसरू नका. काम कुठवर आलंय ते तिच्यात लिहिलं जातं. तीन तासांनी लाईट गेली तर तीच कमांड, त्याच फाइलींच्या नावांनिशी पुन्हा दिली की काम तिथून पुढं सुरू होतं. मॅप फाइल नसेल तर पहिल्यापासून, आणि आजारी डिस्कला ती दुसरी वारी झेपेलच असं नाही. नावांचा क्रमही दोनदा वाचा: आधी आजारी डिस्क, मग प्रत. उलट झालं तर रिकामी प्रत मूळ डिस्कवर चढू शकते.

दुरुस्ती प्रतीवरच करायची:

सुडो लोसेटअप -एफपी --शो डिस्क.आयएमजी

(इथं पी मोठा.) उत्तर /डेव्ह/लूप० असं काहीतरी येतं, दुसरं पार्टिशन मग /डेव्ह/लूप०पी२. जागा असेल तर या आयएमजीचीही एक नक्कल ठेवा.

घाईत फक्त फाइली काढायच्या असतील आणि डिस्क शाबूत असेल, तर माउंट करताना ‘-ओ आरओ,नोलोड’ हा पर्याय द्या. यानं जर्नलही चढत नाही, डिस्कवर एक अक्षरही लिहिलं जात नाही, आणि बहुतेक फाइली वाचता येतात.

आता एफएससीके

पार्टिशन माउंट असताना एफएससीके कधीही चालवू नये. कर्नल एका बाजूनं खतावणी लिहितंय आणि एफएससीके दुसऱ्या बाजूनं तीच खतावणी खोडतंय, असा तो प्रकार होतो. ई२एफएससीके (एक्सटी४ साठीचं एफएससीके) स्वतःच मोठ्या अक्षरांत बजावतं. तिथं ‘नो’च म्हणायचं. म्हणून लाइव्ह यूएसबी.

पहिली फेरी न लिहिता:

सुडो ई२एफएससीके -एफ -एन /डेव्ह/एसडीए२

-एन म्हणजे सगळ्या प्रश्नांना ‘नाही’, फक्त बघणं. जर्नल चढवायचं बाकी असेल तर या फेरीत चुका जरा फुगलेल्या दिसतात, कारण बघण्याच्या फेरीत तो जर्नल वाचत नाही. तरी अंदाज येतो. दहा-वीस ओळी आल्या तर साधं काम. पडदा थांबायचं नावच घेत नसेल तर पुन्हा एकदा विचारा स्वतःला: प्रत काढली का?

मग खरी फेरी:

सुडो ई२एफएससीके -एफ -झेड /बाहेरचीडिस्क/जुने.अनडू /डेव्ह/एसडीए२

-झेड हा पर्याय फार कमी लोक वापरतात आणि तो सोन्यासारखा आहे. बदललेल्या प्रत्येक ब्लॉकची जुनी प्रत तो त्या फाइलीत ठेवतो. दुरुस्ती अंगाशी आली तर ई२अनडू या कमांडनं सगळं होतं तिथं नेता येतं. फाइल अर्थातच दुसऱ्या डिस्कवर हवी.

काम पाच टप्प्यांत चालतं. पहिल्यात आयनोड, ब्लॉक आणि आकार तपासले जातात. सगळ्यात जास्त वेळ इथंच जातो. दुसऱ्यात फोल्डरची रचना, तिसऱ्यात फोल्डर एकमेकांना जोडलेत का, चौथ्यात एका आयनोडला किती नावं आहेत, पाचव्यात एकूण बेरजा. पाचव्या टप्प्यातल्या ‘फ्री ब्लॉक्स काउंट राँग’, ‘बिटमॅप डिफरन्सेस’ या ओळी म्हणजे बेरीज चुकलेली पानं. निश्चिंत मनानं ‘वाय’ दाबा. चौथ्या टप्प्यात ‘अनअटॅच्ड आयनोड’ आला तर ‘वाय’ म्हटल्यावर ती फाइल लॉस्ट+फाउंड फोल्डरात जाते.

थांबून वाचायचं ते पहिल्या टप्प्यात. ‘मल्टिप्लाय-क्लेम्ड ब्लॉक्स’ म्हणजे एकाच ब्लॉकवर दोन फाइलींचा दावा, एकाच गटाचे दोन सातबारे निघावेत तसं. एफएससीके तो ब्लॉक क्लोन करून दोघींना एकेक प्रत देतं. भांडण मिटतं, पण ब्लॉकमधला मजकूर दोघींपैकी एकीचाच असतो. दुसरी उघडली तरी आत भलतंच निघेल. त्या दोन्ही फाइलींची नावं लिहून घ्या आणि नंतर उघडून बघा. ‘आयनोडमध्ये कचरा दिसतो, साफ करू का’ असा प्रश्न शेकड्यानं येऊ लागला तर कंट्रोल-सी दाबून थांबा. इतका कचरा बहुधा आजारी डिस्कचा किंवा खराब रॅमचा असतो. -वाय दिला असता तर हे सगळे आयनोड न विचारता पुसले गेले असते. माझा -वायला विरोध इथं आहे. प्रत हातात असताना तो जरूर वापरा. नाहीतर प्रश्न वाचा, आणि तोच किरकोळ प्रश्न शंभरदा येत असेल तर ‘ए’ दाबा, त्याचा अर्थ यापुढं सगळ्यांना हो.

संपल्यावर ‘इको $?’ टाका. ० म्हणजे चूक नव्हती. १ म्हणजे दुरुस्त झाली. २ म्हणजे दुरुस्त झाली, मशीन पुन्हा सुरू करा. ४ म्हणजे काही चुका तशाच राहिल्या. ८ म्हणजे काम करतानाच अडचण आली. आकडे एकत्रही येतात, १२ म्हणजे ४ आणि ८. मग तीच कमांड -एफसकट पुन्हा. दुसऱ्या फेरीला ० यायला हवं. प्रत्येक फेरीला नवनवीन चुका निघत असतील तर एफएससीके थांबवा आणि रॅम तपासा.

बॅड मॅजिक नंबर

‘बॅड मॅजिक नंबर इन सुपर-ब्लॉक’ आलं की लोक घाबरतात. आधी नाव बरोबर दिलंय का बघा. एसडीए२ ऐवजी नुसतं एसडीए दिलं तरी हेच येतं. पार्टिशन लक्सनं कुलूपबंद असेल, एलव्हीएमच्या (डिस्कची जागा वाटणाऱ्या व्यवस्थेच्या) आत असेल किंवा एक्सएफएसचं असेल तरीही हेच. लक्स असेल तर आधी क्रिप्टसेटअप ओपन, एलव्हीएम असेल तर व्हीजीचेंज -एवाय, आणि मग आतल्या नावावर एफएससीके.

नाव बरोबर असूनही आलं तर पहिला सुपरब्लॉक, म्हणजे फाइल सिस्टिमची मूळ माहिती असलेलं पहिलं पान, गेला. त्याच्या नकला ठेवलेल्या असतात. ४ केबी ब्लॉकच्या एक्सटी४ मध्ये १२८ एमबीचा एकेक गट असतो आणि नकला १, ३, ५, ७, ९ अशा गटांत, म्हणजे ब्लॉक ३२७६८, ९८३०४, १६३८४०, २२९३७६, २९४९१२ वर:

सुडो ई२एफएससीके -बी ३२७६८ -बी ४०९६ /डेव्ह/एसडीए२

यातला पहिला बी लहान, दुसरा मोठा. एकानं जमलं नाही तर पुढचा आकडा. नकलांची यादी एमकेई२एफएस -एनही दाखवतं, पण त्यातला -एन टाइप करायचा राहिला तर तीच कमांड पार्टिशन फॉरमॅट करते. मी तो रस्ता सुचवत नाही. वरचे पाच आकडे भिंतीवर चिकटवून ठेवलेले बरे.

लॉस्ट+फाउंड

इथं फाइली # आणि आयनोड क्रमांक अशा नावानं पडलेल्या असतात. शेल # ला टिपण समजून पुढचं सोडून देतं, म्हणून नाव देताना पुढं ‘./’ लावायचं. सगळ्यांची ओळख पटवायला:

सुडो फाइल ./*

पीडीएफ, जेपीईजी, ओपनडॉक्युमेंट स्प्रेडशीट असं प्रत्येकापुढं लिहून येतं. अख्खा फोल्डर इथं आला असेल तर बाहेरचं नाव गेलेलं असलं तरी आतल्या फाइलींची नावं शाबूत असतात. त्यामुळे आधी फोल्डर उघडा, सुटे आकडे नंतर. सगळं ‘सीपी -ए’ या कमांडनं दुसऱ्या डिस्कवर न्या आणि तिथं निवांत लावा.

मशीन उठल्यावर सिस्टिमच्या फाइलीही तपासून घ्या. उबुंटू-डेबियनवर डीपीकेजी --व्हेरिफाय, फेडोरा-आरएचईएलवर आरपीएम -व्हीए (व्ही मोठा). बदललेली म्हणून ज्या पॅकेजची फाइल दिसेल ते ॲप्ट इन्स्टॉल --रीइन्स्टॉलनं पुन्हा टाका. सेटिंगच्या फाइली यात दिसणारच, त्या तुम्हीच बदललेल्या असतात.

एक्सटी४ नसेल तर

एक्सएफएसवर एफएससीके काहीच करत नाही, नुसतं यशस्वी म्हणून परत येतं. तिथं एक्सएफएस_रिपेअर. ते लॉग चढवायला सांगेल तेव्हा एकदा माउंट-यूमाउंट करा, मग चालवा. -एल (मोठा) हा पर्याय लॉग पुसतो, म्हणजे कीर्द फाडून टाकण्यासारखं. माउंट होतच नसेल तेव्हाच आणि प्रत असेल तेव्हाच.

बीटीआरएफएसवर उलटी सवय लागते. ‘बीटीआरएफएस चेक --रिपेअर’ हे अगदी शेवटचं हत्यार. आधी ‘-ओ आरओ,रेस्क्यू=यूजबॅकअपरूट’नं माउंट करून बघा, नाही झालं तर ‘बीटीआरएफएस रिस्टोअर’नं फाइली दुसऱ्या डिस्कवर काढा. बीटीआरएफएसचं एक मोठं काम असं की ते प्रत्येक ब्लॉकची बेरीज जपतं, त्यामुळे आतला मजकूर बिघडला तर ‘स्क्रब’मध्ये पकडला जातो. एक्सटी४ ला हे जमत नाही.

विंडोजचं एनटीएफएस पार्टिशन असेल तर ते विंडोजमध्येच चेकडिस्कनं दुरुस्त करा. एनटीएफएसफिक्स फक्त वरवरचं बघतं. पेनड्राइव्हला एफएससीके.व्हीफॅट -ए चालतं, सापडलेले तुकडे एफएससीके००००.आरईसी अशा नावानं ठेवतं. पेनड्राइव्ह वारंवार बिघडत असेल तर तो खोट्या क्षमतेचा आहे का ते एफ३ या साधनानं तपासा: एफ३राइटनं भरायचा, एफ३रीडनं वाचायचा. बाजारातून स्वस्तात आणलेला ६४ जीबीचा ड्राइव्ह आत ८ जीबीचा निघाला तर त्यावर दुरुस्तीचा काही उपाय नाही.

पुन्हा होऊ नये म्हणून

रॅमची चाचणी मेमटेस्ट८६+ नं रात्रभर. एकही चूक चालत नाही. चूक आली तर पट्टी काढून सोनेरी दात खोडरबरानं हलके घासा, पुसून परत बसवा, पुन्हा चाचणी. तरी आली तर पट्टी बदला.

उन्हाचा विचार करा. परभणी-नांदेडकडं मेमध्ये बाहेर ४३-४४ अंश असतात, पत्र्याच्या दुकानात त्याहून जास्त, आणि बंद कॅबिनेटच्या आत आणखी भर. बहुतेक हार्डडिस्क ६० अंशांपर्यंतच चालवायच्या म्हणून बनवलेल्या असतात. स्मार्टच्या तक्त्यात क्रमांक १९४ हे तापमान आहे. ते ५० च्या आत ठेवा. जिनिंगजवळ कापसाची तूस, डाळ मिलजवळ डाळीची भुकटी पंख्यावर चिकटते. दोन महिन्यांतून एकदा कॅबिनेट उघडून ब्रशनं झाडा.

आता इन्व्हर्टर. ‘आमच्याकडे इन्व्हर्टर आहे, तरी मशीन रीस्टार्ट होतं’ ही तक्रार गावोगावी ऐकू येते. संगणकाचा एसएमपीएस वीज गेल्यावर पूर्ण भारावर साधारण १६-१७ मिलिसेकंद तग धरतो. घरगुती इन्व्हर्टर ‘नॉर्मल’ किंवा ‘इको’ स्थितीत त्यापेक्षा जास्त वेळ घेतो. पंखा-दिव्याला ते कळत नाही, संगणकाला कळतं. बऱ्याच इन्व्हर्टरना मागं किंवा पुढं ‘यूपीएस’ असं लिहिलेला खटका असतो. तो त्या बाजूला करा. खटका नसेल तर संगणकाला वेगळा यूपीएस हवाच.

कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात? अर्थिंग नाही. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि खड्ड्यातलं अर्थिंग कोरडं पडतं. फेब्रुवारीपासून खड्ड्यात बादलीभर पाणी घालत राहा, आणि पिन तीनच वापरा.

मशीन गोठलं तर बटण दाबून धरण्याआधी ऑल्ट आणि प्रिंटस्क्रीन धरून एस, यू, बी ही अक्षरं दोन-दोन सेकंदांच्या अंतरानं दाबा: मेमरीतलं डिस्कवर उतरतं, डिस्क रीड-ओन्ली होते, मशीन रीबूट होतं. उबुंटूत ही तिन्ही अक्षरं मुळातच चालू असतात.

यूपीएस घेताना मागं यूएसबी पोर्ट असलेला घ्या. एनयूटी हे पॅकेज त्या पोर्टवरून बॅटरी उतरल्याचं ओळखतं आणि मशीन रीतसर बंद करतं. माणूस शेतात असला तरी. छोट्या यूपीएसमधली १२ व्होल्ट ७ ॲम्पिअर-अवरची बॅटरी कागदावर ८४ वॅट-तासांची, हातात येतं ते बरंच कमी. शिवाय २५ अंशांच्या वर दर ८-१० अंशांना लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य साधारण निम्मं होतं, त्यामुळे कंपनीनं सांगितलेली वर्षं आपल्याकडं धरू नका. महिन्यातून एकदा मशीन लाइव्ह यूएसबीवर सुरू करा, आतली डिस्क माउंट नाही हे एलएसबीएलकेनं बघून घ्या, यूपीएसचा प्लग भिंतीतून काढा आणि घड्याळ लावा. पाच मिनिटांच्या आत पडदा काळा झाला तर बॅटरी बदलायची वेळ झाली.